बेशरम उपटताना

आमच्या भंडारा जिल्ह्यात तलावाची मालकी विचारली की उत्तरं बरीच येतात. कोहळी सांगतात, गोंड राजांच्या काळात पाळ आमच्या पूर्वजांनी बांधली. शेतकरी म्हणतो, धान माझा तर पाणीही माझं. मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारकडे आले आणि मासेमारी ढिवरांच्या संस्थेकडे. पण तलावाच्या पोटात काय आहे, असं विचारलं की सगळी बोटं ढिवरटोलीकडे वळतात.

ती टोली मात्र अजून गावाच्या कडेलाच आहे. मासोळीची टोपली घेऊन आलेली बाई अंगणापर्यंत येते, ओसरीवर चढत नाही. तिनं निवडलेली मासोळी चालते, तिच्या शेजारी बसायची वेळ आली की वास आठवतो.

मागच्या उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर, एका गावात बोडीतली, म्हणजे लहान तळ्यातली, बेशरम नावाची माजलेली झुडपं काढायला गावकरी आणि कॉलेजची पोरं जमली होती. त्यात पाटलाच्या घरची, शेतकी शिकणारी एक मुलगी होती. विळ्यानं ती सपासप फांद्या छाटत होती. टोलीतली एक बाई म्हणाली, “मुळापासून काढ माय. तुकडा राह्यला का पानी पडल्यावर पुन्हा फुटते.” थोड्या वेळानं मुलीचा हात ओलीतल्या गवतासारख्या ठोंबाकडे गेला, तसा बाईनं तो धरलाच. ते देवधान होतं. ऋषिपंचमीला नांगर न लागलेलं धान्य म्हणून त्या मुलीच्याच घरी शिजणारं. पावसात मासोळी याच्या आडोशाला अंडी घालते, असं बाईनं सांगितलं. मुलीनं सांगितलं, हा आपल्या धानाचा रानटी भाऊबंद. पुस्तकात वाचला होता, पाहिला आज. मग दोघी दुपारपर्यंत एकाच ओळीत काम करत होत्या, आणि प्रश्न दोन्ही बाजूंनी चालले होते.

एका दुपारीनं जात मोडते, असं मी म्हणणार नाही. पण अशी दुपार लांबवता येते, हे शेजारी अर्जुनी मोरगावात दिसलं आहे. १९९९ पर्यंत तो तालुका आपल्याच जिल्ह्यात होता. तिथं मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवरांच्या माहितीवर विसंबून तलाव सुधारायला घेतले. बेशरम काढली, उन्हाळ्यात तळ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे विकायचे पण तलावाच्या कारभारात बोलायचं नाही, अशी रीत असलेल्या बाया त्या कामात उतरल्या.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहावर पुस्तक लिहिलं. नुसत्या शेजारानं मन बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. दर्जा बरोबरीचा हवा, काम सामाईक हवं, एकमेकांवाचून ते अडायला हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. त्याचा पडताळा इथंच आहे. त्याच वर्षी भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघात जागा दोन, मतदाराला मतंही दोन. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. अनुसूचित जातींसाठी राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पडले, दुसरं मत पुरेशा मतदारांनी त्यांना दिलं नाही. गावोगावी पिढ्यान् पिढ्या एकाच तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारा हा जिल्हा. शेजार होताच की! ऑलपोर्ट यांच्या बाकीच्या अटी नव्हत्या.

त्या अटी पुऱ्या करणं फार खर्चाचं नाही. दर वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं गावोगावी होतात. पोरं रस्ते झाडतात, संध्याकाळी समतेवर व्याख्यान ऐकतात. वक्ता शहरातून येतो, त्याला शाल, नारळ आणि पाकीट मिळतं. यंदा एखाद्या कॉलेजनं शिबिर बोडीच्या काठावर घ्यावं. कुठली वनस्पती ठेवायची, कुठली काढायची, हे टोलीतल्या बाईनं ठरवावं आणि प्राध्यापकांसकट सगळ्यांनी तिचं ऐकावं. जेवणाची पंगत एकच असावी. आणि हजेरीपटावर तिचं नाव मजुरांच्या यादीत न घालता मार्गदर्शकांच्या यादीत घालावं, मानधनासकट. व्याख्यान त्या वर्षापुरतं रद्द केलं तरी चालेल.