गोधडी आणि बारा आणे

१/ गोधडीला ‘टाकाऊतून टिकाऊ’चा आदर्श म्हणण्याची चाल अलीकडे रूढ झाली आहे. त्यात डहाणू-तलासरीच्या पाड्यांचे नाव जोडले की ‘गरजा कमी, समाधान मोठे’ हे पालुपदही ठरलेलेच. ऐकायला हे गोड आहे. इतिहास म्हणून खोटे आहे.

२/ गोधडीची रचना पाहा. वर-खाली जुने लुगडे किंवा धोतर, मध्ये चिंध्यांचे थर, सर्वांना बांधणारा धावदोरा. थरांत कोंडलेली हवा ऊब धरते. फलालिनीला लव असते, म्हणून तिच्या चिंध्या अधिक उबदार.

३/ याचा अर्थ सरळ आहे : गोधडीसाठी आधी फाटण्याइतके कापड घरात यावे लागते. ज्याच्या घरी चिंधीही उरत नाही, त्याने काय शिवावे?

४/ १९४५ पूर्वी डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतील वारली जमीनदार-सावकारांच्या वेठीत अडकले होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको ‘लग्नगडी’ होऊन राबत. पुरुषाच्या अंगावर लंगोटी, स्त्रीच्या अंगावर आखूड लुगडे. रात्रीच्या थंडीला आधार शेकोटीचा. त्यात महायुद्धाच्या काळात कापडाची टंचाई आणि १९४३ पासून नियंत्रण.

५/ मे १९४५ मध्ये आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली. शामराव व गोदावरी परुळेकर आणि किसान सभा त्यामागे उभी होती. निर्णय झाला : वेठ बंद, रोज बारा आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर काम नाही.

६/ ‘रोख’ हा शब्द इथे कळीचा आहे. मूठभर धान्यावर राबणारा माणूस बाजारात जाऊन कापड निवडू शकत नाही. मजुरीचा लढा हा अंगावरच्या वस्त्राचाही लढा होता. त्याची किंमतही मोजावी लागली : १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले.

७/ शिवणाऱ्या स्त्रियांचे कौशल्य निर्विवाद आहे. थर न सरकू देता सरळ धावदोरा घालणे हे कसबच. पण त्या कसबाचे कौतुक करताना टंचाईला संस्कृती म्हणू नये. तसे म्हटले की टंचाई लादणारा सुटतो, आणि तिच्याविरुद्ध लढलेला विसरला जातो.

८/ गोधडीचा गौरव करणाऱ्यांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : शिवणारीला दिवसाची मजुरी किती मिळते? १९४५ साली झरीत हाच प्रश्न विचारला गेला होता.