अंथरूण पाहून आक्रमण : आर्मीच्या फुटबॉल संघाने २०२५ मध्ये काय करावे?



फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पायाने मारायचा गोल चेंडू येतो. अमेरिकेत मात्र 'फुटबॉल' म्हणजे लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हातात घेऊन पळायचा आणि फेकायचा खेळ. तिथे कॉलेजांच्या सामन्यांना जत्रेसारखी गर्दी होते. काही कॉलेजांच्या मैदानांत एक लाखाहून जास्त माणसं बसतात. आज आपण त्यातल्याच एका वेगळ्या संघाबद्दल बोलणार आहोत. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी वेस्ट पॉईंट येथे १८०२ साली स्थापन झालेली लष्करी अकादमी आहे. तिच्या संघाला सगळे 'आर्मी' म्हणतात. शुक्रवारी, २९ ऑगस्ट २०२५ रोजी, टार्लटन स्टेटविरुद्ध घरच्या मिची स्टेडियमवर आर्मीचा नवा हंगाम सुरू झाला.

२०२४ मध्ये आर्मीने १२ सामने जिंकले, फक्त २ हरले. एका हंगामात १२ विजय हे त्यांच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं. पण त्या यशाचे दोन मोठे शिल्पकार आता संघात नाहीत. मग २०२५ मध्ये आक्रमणाची पद्धत बदलावी का? माझं मत आधीच सांगून टाकते : पद्धत बदलू नये, ओझ्याची वाटणी बदलावी. असं का म्हणते, ते आता पाहू.

खेळ थोडक्यात

दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू, ते आक्रमक. त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले, तर पुन्हा नवे चार प्रयत्न. नाही सरकले, तर चेंडू समोरच्यांकडे. असं करत मैदानाच्या शेवटच्या पट्टीत पोचलं की टचडाऊन, म्हणजे ६ गुण. आक्रमणाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. पुढे सरकण्याचे मार्ग दोन : चेंडू घेऊन पळा, नाहीतर हवेतून लांब फेका. आजकाल बहुतेक संघांचा भर फेकण्यावर, म्हणजे पासवर असतो. आर्मीचा भर पळण्यावर आहे. २०२४ मध्ये आर्मीने दर सामन्यात सरासरी सुमारे ३०० यार्ड नुसते पळून मिळवले. देशात सगळ्यांत जास्त!

'ऑप्शन' म्हणजे काय?

आर्मीच्या पद्धतीला 'ऑप्शन' म्हणतात. इथे चेंडू कोण नेणार हे आधी पक्कं ठरलेलं नसतं. क्वार्टरबॅकपुढे तीन पर्याय असतात. मधून घुसणाऱ्या फुलबॅकला चेंडू द्यायचा, स्वतः घेऊन पळायचं, किंवा बाजूने धावणाऱ्या स्लॉटबॅककडे टाकायचा.

आता गंमत बघा. समोरच्या संघातल्या एका बचावपटूला मुद्दाम कोणी अडवत नाही. क्वार्टरबॅक फक्त त्याच्या पावलांकडे बघतो. तो फुलबॅकवर धावला, की चेंडू क्वार्टरबॅककडेच राहतो. तो जागेवर थांबला, की चेंडू फुलबॅकला. पुढे दुसरा बचावपटू क्वार्टरबॅकवर आला, की चेंडू स्लॉटबॅककडे. खो-खोमध्ये पळणारा गडी हूल देतो, पाठलाग करणारा एका बाजूला झुकला की हा दुसऱ्या बाजूने निसटतो, तसंच काहीसं. म्हणजे समोरच्याने काहीही निवडलं तरी त्याचं उत्तर चुकतं. शिवाय ज्याला अडवायचंच नाही, त्याच्यावर खर्च होणारा आपला एक माणूस दुसरीकडे मोकळा होतो.

आर्मीला हेच का मानवतं?

मराठीत आपण म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावे. आर्मीचं अंथरूण केवढं, ते आधी बघू.

पहिली गोष्ट, शरीर. मोठ्या कॉलेजांत पुढच्या फळीतले लाईनमन सर्रास १४० किलोच्या आसपास असतात. वेस्ट पॉईंटचा विद्यार्थी पदवीनंतर अधिकारी होतो आणि किमान पाच वर्षं सैन्यात प्रत्यक्ष सेवा करतो. त्याला लष्कराच्या शारीरिक चाचण्या पार कराव्याच लागतात. त्यामुळे एवढे अवाढव्य खेळाडू ठेवणं तिथे अवघड. हलक्या लाईनमनने जड माणसाला छातीने ढकलायचं म्हटलं तर कठीणच. पण चपळाईने, योग्य कोनातून, नेमक्या क्षणी अडवायचं असेल तर त्याला जमतं. ऑप्शनला हेच हवं असतं. २०२४ मध्ये देशातल्या सर्वोत्तम आक्रमक फळीला मिळणारा 'जो मूर' पुरस्कार आर्मीच्याच फळीला मिळाला, तो उगाच नाही.

दुसरी गोष्ट, माणसं आणि पैसा. इतर कॉलेजं दरवर्षी दुसऱ्या संघांतून तयार खेळाडू आणतात. १ जुलै २०२५ पासून तर कॉलेजांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षासाठी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. लष्करी अकादमी या बाजारात उतरूच शकत नाही. तिथे जो येतो तो कॅडेट म्हणून येतो आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात करतो. उलट, तिसरं वर्ष सुरू होण्याआधी सोडून जाण्याची मोकळीक मात्र विद्यार्थ्याला असते. २०२४ च्या हंगामात १,११७ यार्ड पळालेला कान्ये उदोह असाच ॲरिझोना स्टेटला निघून गेला.

तिसरी गोष्ट, वेळ. पळण्याच्या खेळात घड्याळ चालू राहतं. चेंडू आपल्याकडे जितका जास्त वेळ, तितका समोरचा भारी संघ नुसता बाकावर बसून. २०१८ मध्ये आर्मीने बलाढ्य ओक्लाहोमाच्या मैदानावर ६० मिनिटांपैकी ४४ मिनिटं ४१ सेकंद चेंडू आपल्याकडे ठेवला. सामना जादा वेळेत गेला आणि आर्मी २८-२१ अशी हरली. पण ज्या संघाच्या क्वार्टरबॅकला, कायलर मरेला, त्या वर्षी देशातला सर्वोच्च हाइझमन पुरस्कार मिळाला, त्याला इतका वेळ बसवून ठेवणं ही काय साधी गोष्ट आहे?

आणि एक शिक्षक म्हणून मला भावतं ते कारण शेवटी सांगते. बाकी संघ वर्षभर पासच्या खेळाची तयारी करतात. आर्मीशी गाठ पडली की त्यांच्यासमोर अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न येतो, आणि तयारीला मिळतो जेमतेम एक आठवडा!

२०२३ चा प्रयोग

"पण काळाबरोबर बदलायला नको का?" असं कोणी विचारेल. आर्मीने ते करून पाहिलंय. २०२२ मध्ये नियम बदलला. कंबरेखाली अडवण्याची मुभा चेंडूजवळच्या ठरावीक पट्ट्यापुरतीच उरली. ऑप्शनच्या बाजूच्या धावा अशा अडवण्यावरच उभ्या होत्या. म्हणून २०२३ मध्ये मुख्य प्रशिक्षक जेफ मंकन यांनी क्वार्टरबॅकला मागे उभं करून खेळण्याची 'शॉटगन' रचना आणली.

निकाल? ६ विजय, ६ पराभव. ऑक्टोबरमध्ये ट्रॉयकडून १९-० आणि पुढच्याच आठवड्यात एलएसयूकडून ६२-० अशी हार. दोन सामने, एकही गुण नाही. २०२४ मध्ये कोडी वर्ली यांच्याकडे आक्रमणाची सूत्रं आली आणि संघ पुन्हा आपल्या जुन्या रचनेकडे वळला. शॉटगन पूर्ण टाकली नाही, पण पाया मात्र ऑप्शनचाच. त्याच वर्षी ते पहिल्यांदाच अमेरिकन कॉन्फरन्समध्ये उतरले होते. अंतिम सामन्यात टुलेनला ३५-१४ असं हरवून त्यांनी इतिहासातलं पहिलं कॉन्फरन्स विजेतेपद मिळवलं.

दुसरी बाजूही ऐका

निबंध लिहिताना मी तुम्हाला नेहमी सांगते, विरुद्ध मताचा सगळ्यांत भक्कम मुद्दा टाळू नका. तो असा : ऑप्शनवाला संघ मागे पडला की भरून काढणं कठीण. २०२४ मध्ये आर्मीचे दोन्ही पराभव मोठे होते, नोत्र दामकडून ४९-१४ आणि नेव्हीकडून ३१-१३. गुणांची दरी वाढली की पळून पळून वेळ घालवणं आपल्याच अंगाशी येतं. इतिहासही टोचतो. फॉरवर्ड पासला १९०६ मध्ये परवानगी मिळाली होती, पण त्याची खरी ताकद देशाला दिसली १९१३ मध्ये, नोत्र दामने वेस्ट पॉईंटला येऊन आर्मीलाच ३५-१३ असं हरवलं तेव्हा!

आणि नेव्ही? तीही लष्करी अकादमीच, अडचणीही त्याच. तिने २०२४ मध्ये आक्रमणाचा नवा प्रशिक्षक आणला, पास वाढवले आणि १० सामने जिंकले. मग आर्मीने का करू नये?

माझं उत्तर असं. नेव्हीने कोणाची नक्कल केली नाही. त्यांचा नवा खेळही हूल देऊन पळण्याच्या जुन्या मुळांतूनच वाढला; पास त्याच झाडाला आलेली फांदी आहे. २०२३ मध्ये आर्मीने मात्र परक्या झाडाची फांदी आणून बांधली, ती सुकली. म्हणून पास करावा की करू नये, हा खरा प्रश्नच नाही. तो आपल्या खेळातून उगवलेला आहे की बाहेरून चिकटवलेला, हे पाहायला हवं.

२०२५ मध्ये काय करावं?

२०२४ मध्ये क्वार्टरबॅक ब्रायसन डेली एकटा १,६५९ यार्ड पळाला, ३२ टचडाऊन केले. तो आता पदवी घेऊन गेला. त्याच्यासारखा दुसरा शोधण्याच्या भानगडीत पडू नये. माझ्या मते तीन गोष्टी कराव्यात.

१. ओझं वाटावं. डेलीची जागा घेणाऱ्यांत ड्युवेन कोलमन अनुभवी होता. २०२४ मध्ये डेली खेळू शकला नाही, तेव्हा कोलमननेच सुरुवात केली आणि आर्मीने एअर फोर्सला २०-३ असं हरवलं. पण त्याच्याकडून डेलीइतक्या धावांची अपेक्षा धरली, तर धक्के खाऊन हंगामाच्या मध्येच तो जायबंदी व्हायचा. मधली धाव पुन्हा फुलबॅकची असावी. बाजूने नोआ शॉर्टसारख्या स्लॉटबॅकला जास्त वेळा चेंडू मिळावा. तीन पर्याय आहेत, तर तिन्ही खरे असू देत!

२. पास थोडे, पण वेळेवर. अडचणीत सापडल्यावर तिसऱ्या प्रयत्नात पास टाकला, तर सगळ्यांनाच तो अपेक्षित असतो. तोच पहिल्या प्रयत्नात, धावेची हुबेहूब हूल देऊन टाकला, तर मागे राखण करणारे पुढे धावून आलेले असतात. मागे पडल्यावर पास शिकायचा नसतो. पुढे असतानाच त्याची सवय करायची असते.

३. चौथ्या प्रयत्नाची हिंमत ठेवावी. दर प्रयत्नाला तीन यार्ड खात्रीने मिळत असतील, तर चौथ्या प्रयत्नाला उरतो एखादाच यार्ड. तिथे चेंडू लांब मारून देऊन टाकण्यापेक्षा पुढे घुसावं. चेंडू आपल्याकडे ठेवणं हाच या संघाचा उत्तम बचाव आहे.

दुसराच सामना, ६ सप्टेंबरला, कॅन्सस स्टेटच्या मैदानावर होता. संघ तगडा होता. तिथे हरले असते तर लगेच "जुनाट पद्धत, टाका फेकून" अशी ओरड सुरू झाली असती. तेव्हाच संयम लागला असता. या पद्धतीचा खरा निकाल १३ डिसेंबरला बाल्टिमोरमध्ये, नेव्हीसमोर लागणार होता.

शेवटी

हे खेळाडू रोज पहाटे उठून कवायत करतात, वर्गात बसतात, मग सराव करतात आणि चार वर्षांनी अधिकारी होऊन बाहेर पडतात. त्यांना दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालायला लावू नये. आपण कमी कशात आहोत ते ओळखून त्यातूनच आपली ताकद घडवणं, हे मैदानावर जितकं खरं तितकंच अभ्यासातही.

विचार करा :
१. ऑप्शनमध्ये एका बचावपटूला मुद्दाम मोकळं का सोडतात? तुमच्या शब्दांत सांगा.
२. आर्मी आणि नेव्ही, दोघांनी बदल केला. एकाचा फसला, एकाचा जमला. तुम्हाला काय कारण वाटतं?
३. लेखिकेचं मत तुम्हाला पटलं नसेल, तर तुमची बाजू दहा ओळींत मांडा.