म्हातारपण थायलंडात?

अमरावती-अकोल्याकडची निवृत्त मंडळी थायलंडची सहल करून आली की म्हणतात, "बुद्धाचा देश, तिथेच राहावे!" आम्ही हिशेब मांडला. पन्नाशी उलटलेल्यास तिथे वर्षभराचा निवृत्ती व्हिसा मिळतो. पण बँकेत ८ लाख बाट, म्हणजे वीस लाख रुपयांवर रक्कम, नाहीतर महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावे लागते. त्या व्हिसावर कामधंदा चालत नाही, जमीनही नावावर होत नाही. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा तो वेगळाच. आणि आपल्या गिरणी कामगाराची किमान पेन्शन २०१४ मध्ये ठरली ती १००० रुपये! निवृत्त साहेबांना परवडेलही. पण भगिनींनो, फंडाचे पैसे हाती येताच घरधनी इथले घर विकायला निघाले, तर आधी हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा.