पाय मोडला तर सहाच महिने?

माझे मामा सौंसर तालुक्यातले. जानेवारी 2024 मध्ये नागपूरला जाताना सावनेरच्या पुढं एका पिकअपनं त्यांच्या गाडीला उडवलं. पायात रॉड पडला, नागपुरात दोन ऑपरेशनं झाली. ऑगस्टमध्ये काठी टेकत ते नुकसानभरपाईसाठी वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, "भाऊ, मुदत तर गेली." मामा घरी येऊन एवढंच बोलले, "मी खाटेवर पडून होतो, तारखा काहून मोजत बसू?"

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून कायदा काढून वाचला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) नुसार अपघातापासून सहा महिन्यांत दावा करावा लागतो. ही अट 2019 च्या दुरुस्तीनं आली आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. 1988 च्या मूळ कायद्यातही सहा महिनेच होते, पण कारण पटलं तर वर्षापर्यंतचा उशीर माफ व्हायचा. 1994 मध्ये संसदेनं मुदतच काढून टाकली. मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात, जिथं वर्षाच्या वर फक्त काही दिवस उशीर झाला होता, सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये या बदलाचा फायदा जखमी माणसाला दिला. आता मुदत परत आली, पण उशीर माफ करायचं वाक्य परत आलं नाही.

तुलना करून पाहा. फ्रीज खराब निघाला तर ग्राहक आयोगात जायला दोन वर्षं. कामावर मजूर जखमी झाला तरी दोन वर्षं. दोन्हीकडे योग्य कारण असेल तर उशीर माफ होतो. मग रस्त्यावर पाय मोडला तर सहाच महिने का?

विमा कंपन्या म्हणतात, उशिरा खोटे दावे येतात. येत असतील. पण खरं-खोटं तपासायलाच तर न्यायाधिकरण आहे. तपासायच्या आधीच दार लावून घेणं हा काही उपाय नाही.

आपल्या सीमेवर तर ही अट जास्तच जाचते. ऑक्टोबर 2023 मध्ये आपला पांढुर्णा जिल्हा झाला, पण मोठा दवाखाना अजून नागपूरच. अपघात महाराष्ट्रात, एफआयआर मराठीत, दावा इकडे हिंदीत. एका कागदासाठी दोन राज्यांत चकरा, त्यात रोजी बुडते. सहा महिने असेच निघून जातात.

नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला की केवळ मुदतीच्या कारणावरून असे दावे फेटाळू नका. त्यामुळं मामांनी आता दावा टाकला आहे. पण अंतरिम आदेश म्हणजे तात्पुरता आधार. उशीर माफ करायचा अधिकार कायद्यातच लिहून पाहिजे, आणि ही मागणी आपण आपल्या खासदारांकडे केली पाहिजे.

तोवर घरात कोणाचा अपघात झाला तर थांबू नका. तारीख लिहून ठेवा, एफआयआरची प्रत घ्या, दवाखान्याची बिलं जपा. अपघात नागपूरकडे झाला असला तरी दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. ही गोष्ट मामांना तेव्हा कोणीच सांगितली नव्हती. तुम्ही तुमच्या गावात सांगा.