टेपयंत्र मुकें झालें म्हणजे

शिरूर अनंतपाळहून आमच्या एका वयोवृद्ध वाचकांचें पत्र आलें आहे. लातूर जिल्ह्यांतील त्या तालुक्याच्या गांवीं एका पतसंस्थेचे ते जुने सभासद असून त्यांचा पुतण्या तेथेंच हिशेबनीस आहे. संस्थेच्या मागच्या खोलींत सुमारें २००४ सालचा एक सर्व्हर आहे, त्यास जोडलेलें एक टेपयंत्र आहे आणि कपाटांत चाळीसेक टेपा आहेत. २०११ पूर्वींचीं सभासदांचीं खातीं त्या टेपांखेरीज आतां कोठेंच नाहींत. गेल्या महिन्यांत एका मयत सभासदाच्या विधवा सुनेनें सासऱ्यांच्या जुन्या ठेवीचा उतारा मागितला, आणि त्याच दिवशीं टेपयंत्र सांपडत नाहीं असें सर्व्हर सांगूं लागला. दुकानदार येऊन पाहून गेला. यंत्र मेलें, भंगारांत द्या व नवें घ्या, असा त्याचा सल्ला पडला. आतां काय करावें, असा पत्रलेखकांचा प्रश्न आहे.

ह्या पत्राचें उत्तर खासगी रीतीनें धाडतां आलें असतें. परंतु आमच्या वाचकांच्या घरांतून कोणाचा मुलगा बँकेंत, कोणाची सून महाविद्यालयाच्या कचेरींत, तर कोणाचे भाऊजी साखर कारखान्याच्या हिशेबखात्यांत असे आहेत, आणि अशीं वयस्क यंत्रें तेथेंही कोपऱ्यांत उभीं असण्याचा संभव आहे. शिवाय ज्यांचे पैसे टेपेवर लिहिलेले आहेत, त्यांना ही विद्या थोडीफार ठाऊक असलेली बरी. म्हणून येथेंच लिहितों.

उत्तराचा गाभा आधीं सांगून टाकतों: यंत्र भंगारांत देऊं नये. सर्व्हरला टेपयंत्र दिसत नाहीं, एवढ्यावरून तें मेलें असें ठरत नाहीं. पुष्कळदां दोष यंत्राच्या पोटांत नसून यंत्र व सर्व्हर यांच्यामधील जोडणींत असतो, आणि जोडणी ही धीरानें व क्रमानें तपासण्याची वस्तु आहे.

हात घालण्यापूर्वीं दोन पथ्यें पाळावींत. पहिलें असें कीं, जिच्यावर खातीं आहेत अशी टेप तपासणीसाठीं यंत्रांत घालूं नये. निरुपयोगी किंवा कोरी टेप घ्यावी. खऱ्या टेपांच्या डबीवर लेखनबंदीची बारीक खिट्टी असते, ती सर्वांवर बंदीच्या बाजूस सरकवून ठेवावी. दुसरें पथ्य असें कीं, सर्व्हर आणि टेपयंत्र दोन्ही बंद केल्यावांचून केबलीस हात लावूं नये. पेनड्राइव्ह चालू संगणकांत खुशाल खोंचावा, तसें ह्या जुन्या जोडणीचें नाहीं.

त्या काळच्या टेपयंत्रांची जोडणी बहुधा 'स्कझी' ह्या पद्धतीची असते. तींत सर्व्हरमधील एका कार्डापासून एकच केबल निघते आणि सर्व उपकरणें तिच्यावर एकामागून एक ओंवलेलीं असतात. सर्व्हर सुरू होतांना हें कार्ड प्रत्येकास हांक मारून हजेरी घेतें. हजेरी होऊन गेल्यावर वर्गांत आलेला मुलगा गैरहजर लागतो. तोच प्रकार येथें होतो. म्हणून बाहेर ठेवलेलें टेपयंत्र आधीं चालू करावें, त्याचे दिवे स्थिर होऊं द्यावेत आणि मगच सर्व्हर सुरू करावा. रात्रीं वीज जाऊन सकाळीं सर्व्हर आधीं उठला व टेपयंत्र मागून उठलें, एवढ्यानेंही यंत्र दिसेनासें होतें. आमचे पत्रलेखक ज्या भागांत राहतात, तेथें वीज जाणें ही कांहीं नवलाची गोष्ट नाहीं.

आतां मुख्य खूण सांगतों. विंडोज सुरू होण्यापूर्वीं काळ्या पडद्यावर कांहीं क्षण त्या कार्डानें घेतलेल्या हजेरीची यादी उमटते. ती पाहावी, फार जलद सरकत असेल तर मोबाइलनें तिचें छायाचित्र घ्यावें. यादींत टेपयंत्राचें नांव आलें, तर केबल, जोड व क्रमांक हें सारें बहुतांशीं ठीक समजावें आणि दोष विंडोजच्या बाजूस शोधावा. नांव आलें नाहीं, तर विंडोजच्या वाटेस जाऊंच नये. ही एक खूण न पाहिल्यामुळें लोक दोष केबलींत असतां विंडोज पुनः पुनः घालीत बसतात आणि दोन दिवस फुकट दवडतात.

नांव आलें नाहीं असें समजूं. मग प्रथम क्रमांक पाहावा. केबलीवरील प्रत्येकास स्वतंत्र क्रमांक लागतो. जुन्या अरुंद पद्धतींत ० ते ७ असे आठ, तर पुढच्या रुंद पद्धतींत सोळा क्रमांक असतात. पैकीं ७ हा बहुधा कार्डानें स्वतःकडे ठेवलेला असतो. एका घरांत दोन बाळासाहेब असले म्हणजे हांकेसरशीं दोघेही 'ओ' देतात आणि काम एकाचेंही होत नाहीं. तसेंच येथें दोन उपकरणांस एकच क्रमांक पडला कीं घोटाळा होतो. टेपयंत्राच्या पाठीमागें क्रमांक बदलण्याची लहान कळ असते. पुसतांना वा हलवितांना ती सरकते. यंत्र पेटीच्या आंत बसविलेलें असेल, तर हेंच काम जंपर नांवाच्या इवल्या टोपणांनीं होतें.

नंतर टर्मिनेटर पाहावा. हौदांत खडा टाकला असतां लाट भिंतीवर आपटून परत येते व नव्या लाटेंत मिसळते. केबलीचें टोंक मोकळें राहिलें कीं विजेचा संदेशही तसाच उलटतो आणि पुढचा संदेश बिघडवितो. तो टोंकाशीं जिरविण्यासाठीं केबलीच्या दोन्ही शेवटांस, आणि केवळ दोन्ही शेवटांसच, टर्मिनेटर हवा. एका टोंकास तो बहुधा कार्डांतच असतो. दुसऱ्या टोंकास टेपयंत्राच्या रिकाम्या खोबणींत लावलेला ठोकळा असतो. झाडलोटींत तो निघून पडतो आणि कसला तरी तुकडा म्हणून केरांत जातो. ह्या दोषाचें लक्षण असें कीं, यंत्र एके दिवशीं दिसतें, दुसरे दिवशीं दिसत नाहीं. लहान नक्कल होते, मोठी अर्ध्यावर तुटते. असा लहरीपणा दिसला तर टर्मिनेटरवर पहिला संशय घ्यावा.

तिसरी तपासणी केबलीची. रुंद जोडाच्या तोंडांत ६८ बारीक टांचण्या असतात. त्यांतील एक वांकली तरी पुरे. दिव्याच्या उजेडांत भिंगानें पाहावें. केबलीची लांबीही मोजावी. जुन्या एकेरी पद्धतींत मंद गतीस ६ मीटरपर्यंत लांबी चालते, गति वाढली कीं ती ३ मीटरवर आणि त्याहूनही खालीं येते. नंतरच्या एलव्हीडी पद्धतींत मात्र १२ मीटर चालते. एचव्हीडी नांवाची आणखी एक पद्धत होती. तिचें तोंड तसेंच दिसतें, पण ती इतरांशीं जोडल्यास उपकरण कायमचें बिघडूं शकतें. म्हणून दोन्ही बाजूंच्या खोबणींवरील चिन्हें जुळल्याखेरीज उसनी केबल किंवा उसनें कार्ड लावूं नये. त्याचप्रमाणें चकत्यांच्या समूहासाठीं असलेल्या रेड कार्डावर कोणीं टेपयंत्र जोडलें असेल, तर तें काढून टेपेसाठीं वेगळें साधें कार्ड घ्यावें. रेड कार्डांवर टेपयंत्रें सहसा चालत नाहींत.

यादींत नांव आलें असूनही विंडोज यंत्र घेत नसेल, तर गोष्ट निराळी. सर्व्हरवरचें विंडोज मध्यंतरीं कोणीं बदललें काय, हें विचारावें. २००३ च्या आवृत्तीपर्यंत विंडोजमधील नक्कल घेण्याचा प्रोग्राम टेपेवर लिहीत असे. २००८ च्या सर्व्हर आवृत्तींत आलेल्या नव्या प्रोग्रामांतून टेपेची सोय काढून टाकली गेली. तेव्हां सर्व्हर नवा करतांना टेपेची भाषा जाणणारा दुभाषाच घरांतून गेला असेल, तर यंत्र व केबल दोघेही निर्दोष आहेत. टेप ज्या प्रोग्रामानें लिहिली, तोच प्रोग्राम पुनः मिळविणें हा मग खरा उपाय होय. जेथें लिनक्स आहे, तेथें एकाच यंत्रास दोन नांवें असतात हें ध्यानांत ठेवावें: एका नांवानें वापरल्यास काम संपतांच टेप आपोआप आरंभास गुंडाळली जाते, दुसऱ्या नांवानें ती आहे तेथेंच राहते. पहिल्या नांवानें दोन नकला लागोपाठ लिहिणारा मनुष्य दुसरीनें पहिली पुसून टाकतो.

एवढें झाल्यावर यंत्र दिसूं लागलें, तरी लगेच खातीं वाचावयास धांवूं नये. प्रथम स्वच्छतेची टेप एकदां फिरवावी, निरुपयोगी टेपेवर लिहून व वाचून पाहावें, आणि मग खरी टेप घालून तिच्यावरील सर्व कांहीं चकतीवर उतरवून घ्यावें. उतारा देण्याचें काम त्या प्रतीवरून करावें, टेपेवरून नव्हे.

यंत्र भंगारांत देऊं नये असें आम्ही म्हणालों, त्याचें आणखी एक कारण आहे, आणि तें दुकानदारास ठाऊक असावयास हवें होतें. चार मिलिमीटर रुंदीच्या ह्या टेपांवर यंत्राचें फिरतें डोकें तिरप्या रेघा ओढून लिहितें. वर्षानुवर्षें वापरून त्या डोक्याचा रोख किंचित् ढळतो. ढळलेल्या यंत्रानें लिहिलेली टेप कधीं कधीं त्याच यंत्रास वाचतां येते. नव्या कोऱ्या यंत्रास ती कोरी किंवा बिघडलेली वाटते. जुनें यंत्र विकलें म्हणजे कुलूप ठेवून किल्ली विकल्यासारखें होतें.

अमेरिकेच्या नासा संस्थेस ह्याचा मोठा अनुभव आला. १९६६ व १९६७ सालीं चंद्राभोंवतीं फिरलेल्या लूनर ऑर्बिटर यानांचीं छायाचित्रें टेपांवर जपून ठेवलेलीं होतीं, पण तीं वाचणारीं अँपेक्स कंपनीचीं अवजड यंत्रें दुर्मिळ झालीं. नान्सी इव्हान्स ह्या बाईंनीं तसलीं कांहीं यंत्रें टाकूं न देतां स्वतःच्या घरीं सांभाळलीं. त्यांच्याच आधारें २००८ पासून तीं छायाचित्रें पुनः वाचतां आलीं, तींही पूर्वींपेक्षां स्पष्ट. आपल्या मराठवाड्यांतील उदाहरण तर ताजें आहे. २०२३ सालीं न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठीं निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां कागद दप्तरांत होते, परंतु मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून आणावे लागले. जपलेली वस्तु वाचणाराही जपावा लागतो.

टेप ही वस्तु मात्र टाकाऊ समजूं नये. फेब्रुवारी २०११ मध्यें गूगलच्या एका प्रोग्रामांतील दोषानें कांहीं लोकांच्या जीमेलच्या पेट्या रित्या झाल्या. चालू यंत्रांवरील नकलाही त्याच दोषानें गेल्या, आणि ती टपाल शेवटीं टेपांवरून परत आणावी लागली. ज्या टेपेस यंत्र स्पर्श करीत नाहीं, तिला यंत्राचा दोषही स्पर्श करीत नाहीं.

आतां पत्रलेखकांस आमचें स्पष्ट सांगणें. आपल्या पुतण्यास वरील क्रमानें एक सुटीचा दिवस खर्चूं द्यावा. यंत्र बोललें, कीं चाळीसही टेपा उतरवून त्यांच्या दोन प्रती कराव्या. एक संस्थेंत राहूं द्यावी आणि दुसरी लातुरास किंवा उदगिरास ठेवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत घरें आणि घरांतील कागद एकाच ढिगाखालीं गेले, हें आपल्या जिल्ह्यांत कोणास सांगावयास नको. मग दर सहा महिन्यांनीं त्या प्रतींतून एखादें खातें काढून खातेवहीशीं ताडून पाहावें. न वाचलेल्या नकलेचा हवाला सभासदांस देऊं नये. सर्व खटाटोप करूनही यंत्र बोललें नाहीं, तर तें टेपांसह माहिती परत मिळवून देणाऱ्या एखाद्या कुशल माणसाकडे न्यावें, भंगारवाल्याकडे नव्हे. आणि त्या सूनबाईंस आज लेखी उत्तर द्यावें कीं, उतारा नाहीं असें नसून तो काढण्याचें काम चालू आहे. त्या बिचारीस संस्थेच्या केबलीशीं कांहीं कर्तव्य नाहीं. सासऱ्यांनीं ठेवलेला पैसा नोंदींत आहे, एवढेंच तिला कळावयास हवें.