पाऊस एकच, तारखा दोन!

पावसाळ्यात एखादी रात्र मुसळधार सरींची गेली, की दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात आकड्यांचा पाऊस सुरू होतो. वेधशाळेचा आकडा एक, महापालिकेच्या स्वयंचलित केंद्राचा दुसरा आणि गृहसंकुलाच्या गच्चीवर कोणी हौसेने बसविलेल्या छोट्या हवामान केंद्राचा तिसरा! मग सरकारी आकडे दडविले जातात असा संशय एका बाजूने व्यक्त होतो, तर घरगुती यंत्रे म्हणजे खेळणी, असा शेरा दुसऱ्या बाजूने मारला जातो. पाऊस चार-पाच किलोमीटरवर बदलतो, हे खरेच. पण पुष्कळदा दोष ना वेधशाळेचा असतो ना पर्जन्यमापकाचा. तो असतो घड्याळाचा. मिलिमीटर बरोबर असतात, त्यांच्यापुढे लिहिलेली वेळ मात्र वेगळी असते.

दिवस नेमका कधी सुरू होतो?

मुंबईकरांच्या मनावर २६ जुलै २००५ ही तारीख कायमची कोरली गेली आहे. सांताक्रूझ येथे त्या वेळी ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्यात अवघा ७३.४ मिलिमीटर. मात्र हा आकडा २६ जुलैच्या सकाळी साडेआठपासून २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा आहे. ज्या सकाळी मोजणी होते त्या तारखेला पाऊस जमा करण्याची भारतीय हवामान खात्याची प्रथा असल्याने, खात्याच्या दैनिक नोंदींत तो २७ जुलैच्या नावावर आहे. ब्रिटनमध्ये ग्रीनिच वेळेनुसार सकाळी नऊला पाऊस मोजतात आणि तो आदल्या दिवसाच्या खाती टाकतात. म्हणजे तोच पाऊस तिकडच्या रिवाजाप्रमाणे २६ तारखेचा ठरला असता.

साडेआठची वेळ मनमानीने ठरलेली नाही. भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिचपेक्षा साडेपाच तासांनी पुढे असल्याने आपले सकाळचे साडेआठ म्हणजे तिकडचे पहाटेचे तीन. या ठराविक वेळी जगभर एकाच क्षणी निरीक्षणे घेतली जातात. शिवाय हाताने मोजणी करणाऱ्या निरीक्षकालाही ही वेळ सोयीची. घरगुती केंद्राचा दिवस मात्र बहुधा मध्यरात्री बारा वाजता संपतो आणि त्याचा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

हा फरक किती महागात पडू शकतो, हे एका साध्या उदाहरणाने कळेल. समजा, रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात ८५ मिलिमीटर पाऊस झाला. त्यातला ४५ मिलिमीटर मध्यरात्रीपूर्वी आणि ४० नंतर. साडेआठच्या हिशेबाने ही एकाच दिवसाची ‘जोरदार’ पावसाची नोंद होते, कारण हवामान खात्याच्या वर्गवारीत ही पायरी ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होते. मध्यरात्रीच्या हिशेबाने तो दोन दिवसांचा मध्यम पाऊस ठरतो. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानली जाते आणि पीकनुकसानीच्या मदतीचा विचार त्यावर अवलंबून असतो. तेथे ‘कोणते २४ तास’ हा प्रश्न शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार, याच्याशी निगडित होतो.

खंडित वीज, खोटी ढगफुटी

दिवसाच्या सीमेखेरीज घरगुती नोंदींत आणखीही खोडी आढळतात. ही यंत्रे साधारणपणे एका छोट्या दुहेरी वाटीवर चालतात. ठराविक पाणी साचले की वाटी कलंडते आणि एक ठोका मोजला जातो. ऐन वादळात वीज किंवा इंटरनेट गेले, तर काही यंत्रे ठोके मोजत राहतात. पण जोडणी परत आल्यावर सारा साठलेला पाऊस एकाच नोंदीत ओततात. दोन तासांत पडलेला ३० मिलिमीटर पाऊस अशा वेळी पाच मिनिटांच्या नावावर चढतो आणि कागदावर ताशी ३६० मिलिमीटरची ढगफुटी उभी राहते! मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होत्या आणि पुढे ती क्षमता ५० करण्याचे ठरले, हे लक्षात घेतले, तर असा खोटा आकडा नालेसफाईच्या वादात किती गोंधळ घालू शकतो, याची कल्पना येते.

याउलट वाटीत उरलेले थेंब कित्येक तासांनी पुढच्या हलक्या सरीने वा दवाने कलंडतात आणि कोरड्या सकाळीही किंचित पाऊस दिसतो. बॅटरी बदलल्यावर घड्याळ चुकीच्या वेळेवर जाते. परदेशी बनावटीच्या यंत्रात उन्हाळी वेळेची सोय चालू राहिली, तर वर्षातील काही महिने सगळ्या नोंदी तासाभराने सरकतात. ग्रीनिच वेळेवर चालणाऱ्या संकेतस्थळाचा ‘दिवस’ तर आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो.

उपाय सोपा, शिस्त अवघड

म्हणून घरगुती केंद्रे निरुपयोगी ठरत नाहीत. २००५ च्या महापुराने एक धडा दिलाच आहे: एकाच शहरात दोन ठिकाणच्या पावसात बारापटींहून अधिक अंतर असू शकते. महापालिकेनेही त्यानंतर मुंबईत ठिकठिकाणी स्वयंचलित केंद्रे उभारली. अशा शहराला जितके डोळे मिळतील तितके हवेच आहेत. मात्र त्यांनी एकाच घड्याळाकडे पाहिले पाहिजे. यंत्र भारतीय प्रमाणवेळेवर ठेवणे, उन्हाळी वेळ बंद करणे, पाच-दहा मिनिटांच्या मूळ नोंदी जपणे, त्यांवरून साडेआठ ते साडेआठ अशी बेरीज करणे आणि जोडणी तुटली असल्यास तसे नमूद करणे, एवढे केले तरी बहुतेक वाद मिटतील.

सरकारी यंत्रणा आणि माध्यमे यांच्यावरही तेवढीच जबाबदारी आहे. ‘चोवीस तासांत इतका पाऊस’ हे विधान कधीपासून कधीपर्यंत, हे सांगितल्याशिवाय पुरे होत नाही. वेळ न लिहिलेला पावसाचा आकडा म्हणजे तारीख नसलेली पावती. ती खरी असली तरी हिशेबाच्या वेळी कोणी मान्य करीत नाही.