ईस्टर एक, तारखा दोन

दिवाळी नक्की कोणत्या दिवशी, एकादशी स्मार्तांची की भागवतांची, अशा प्रश्नांवरून हिंदू समाजाची टिंगल करणे हा तथाकथित पुरोगाम्यांचा जुना छंद आहे. ज्यांचा ग्रंथ एक आणि प्रेषित एक, त्यांच्या सणावारांत असा गोंधळ नसतो, हे त्या टिंगलीमागचे गृहीतक. ख्रिस्ती जगताचा सर्वांत मोठा सण जो ईस्टर, त्याच्या इतिहासाकडे पाहिले तर हे गृहीतक क्षणभरही टिकत नाही.

इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेल्या नायसियाच्या परिषदेने सर्व चर्चनी ईस्टर एकाच दिवशी साजरा करावा, असे ठरविले. पुढे नियम रूढ झाला तो असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. म्हणजे येथेही चंद्र आला, सूर्य आला आणि वारही आला. त्यातही ही पौर्णिमा आकाशातली नव्हे, कोष्टकातली! २०१९ साली वसंतसंपातापाठोपाठ २१ मार्चला आकाशात पूर्णचंद्र होता. तरी पाश्चात्त्य चर्चचा ईस्टर आला २१ एप्रिलला.

१५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी दिनदर्शिका सुधारली आणि दहा दिवस गाळले. पूर्वेकडील बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चनी ईस्टरसाठी जुनीच गणना कायम ठेवली. परिणाम असा की, २०२४ मध्ये रोमचा ईस्टर ३१ मार्चला, तर मॉस्को व अथेन्सचा ५ मे रोजी झाला. फिनलंडचे ऑर्थोडॉक्स चर्च मात्र पाश्चात्त्य तारखेला सण करते. २०२५ मध्ये दोन्ही गणना २० एप्रिलला जुळल्या, तो योगायोग, ऐक्य नव्हे. ब्रिटिश संसदेने तर १९२८ मध्ये ईस्टरची तारीख जवळपास स्थिर करणारा कायदा संमत केला. तो आजतागायत अमलात आलेला नाही.

यावरून कोणी ख्रिस्ती धर्माला विस्कळीत म्हणतो काय? म्हणूही नये. दीर्घ परंपरेत गणनाभेद असणे स्वाभाविकच आहे. प्रश्न एवढाच की, जो भेद तेथे ‘समृद्ध वैविध्य’ ठरतो, तोच येथे ‘अंधश्रद्धेचा गोंधळ’ कसा ठरतो?

खरा धोका भेदात नसून सत्तेच्या बळावर लादलेल्या एकसारखेपणात आहे. याची साक्ष भारतातील ख्रिस्ती समाजच देईल. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी केरळात उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून तेथील प्राचीन नस्रानी समाजावर रोमन पद्धती लादली. त्यांच्या सिरियाक ग्रंथांची होळी झाली. १६५३ मध्ये मट्टनचेरी येथे याच समाजाने जेसुइटांचे वर्चस्व झुगारण्याची शपथ घेतली. तरीही ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी रात्री घरातील वडीलधाऱ्याने पेसहा अप्पम ही बिनआंबवलेली भाकरी मोडून सर्वांना वाटण्याची त्यांची प्रथा आजही जिवंत आहे. फर्मानांपेक्षा घरातील चूल चिवट ठरली!

गोव्यातही हेच घडले. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. येशूची कथा सांगण्यासाठी त्या इंग्रज धर्मगुरूला मराठीची ओवीच जवळची वाटली. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडण्याचे फर्मान काढले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग व कीर्तन यांच्या आधारे तोच धागा महाराष्ट्रात पुन्हा उचलला. मराठी ख्रिस्ती माणूस मायबोलीत येशूचे भजन म्हणतो, तेव्हा त्याची श्रद्धा उणी होत नाही. त्याच्या उपासनेला या मातीचा स्वर लाभतो. भारतातील चर्चने रोमच्या वा लंडनच्या साच्यापेक्षा हा वारसा अधिक जपला पाहिजे.

आणि पंचांगावर हसणाऱ्यांनी? त्यांनी एवढेच करावे : नायसियाला सतराशे वर्षे उलटूनही ईस्टरची एक तारीख का ठरली नाही, याचे उत्तर शोधावे. ते सापडले, की दोन एकादशांचेही उत्तर सापडेल.